मातेचे मीठ आणि गर्भाची वाढ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या फायलींत आयुष्य घालविलेले गृहस्थ आहोत. तरी हा विषय घेतला, त्याचे कारण घरचेच आहे. गेल्या वर्षी आमच्या कन्येला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात तिच्या गळ्यातील अवटू ग्रंथीचे काम मंद असल्याचे आढळले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारले, "मीठ कोणते खाता?" आम्ही अभिमानाने म्हणालो, "सैंधव!" विकाराचे मूळ मिठातच होते, असे कोणी म्हटले नाही, परंतु त्या प्रश्नाने आम्हांस वाचावयास लावले.

गर्भाची वाढ केवळ मातेच्या आहाराने होत नाही. तिला हॉर्मोनांचे नियमन लागते. मातेची साखर वारेतून गर्भाकडे जाते, तिचे इन्सुलिन जात नाही. साखर वाढली की गर्भ स्वतःचे इन्सुलिन अधिक निर्माण करतो. म्हणून मधुमेही मातेचे मूल पुष्कळदा अवाजवी वजनाचे होते. मेंदूच्या घडणीस मात्र थायरॉक्सिन हवे. गर्भाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामास लागते, पण विसाव्या आठवड्यापर्यंत तिची निर्मिती तुटपुंजीच असते. तोवर गर्भाची सारी भिस्त मातेच्या थायरॉक्सिनवर! आणि आयोडीनवाचून थायरॉक्सिन नाही. प्रौढास रोज १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भवतीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हिमालयाच्या कुशीतील जमिनीत आयोडीन अल्प. तेथे गलगंड तर होताच. पण काही मुले जन्मतःच मूकबधिर व मंदबुद्धी निपजत. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात काही विभागांना आयोडीनयुक्त, तर एका विभागास साधे मीठ पुरविले. आयोडीनयुक्त मिठाच्या विभागांत गलगंड झपाट्याने घटला. त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला.

आमची विनंती एवढीच: घरात आयोडीनयुक्त मीठ ठेवा, त्याची बरणी झाकलेली असू द्या, आणि दिवस राहताच डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉइडची तपासणी करा. स्वतःच्या मनाने आयोडीनची औषधे मात्र घेऊ नका, अतिरेकही घातकच.

नात आज पाच महिन्यांची आहे. हाक मारली की मान वळवून पाहते. आमच्या घरी सैंधव आता उपवासापुरतेच उरले आहे.