गोळ्या संपल्या, आजार गेला का?

क्षयरुग्णाला देखरेखीखाली औषध देण्याची ‘डॉट्स’ पद्धत आपल्याकडे 1997 पासून टप्प्याटप्प्याने आली. 2006 पर्यंत ती देशभर पोहोचली. पण ती लागू पडते का, हे तपासायचं कसं? गावातल्या आशा सेविकेसमोर गोळी गिळली, कार्डावर खूण झाली, एवढ्यावर भागत नाही. ‘बरा झाला’ असं लिहायला उपचाराच्या शेवटी थुंकीत जंतू सापडता कामा नयेत. ती तपासणी राहिली, तर नोंद होते नुसती ‘उपचार पूर्ण’. हा फरक बारीक वाटतो, पण मूल्यमापनाचा जीव त्यातच आहे.

रत्नागिरीत मेख वेगळीच. उपचार किमान सहा महिन्यांचे. गणपतीला आलेला चाकरमानी इथे तपासून घेतो आणि मुंबईला परततो. मिरकरवाडा बंदरातला खलाशी हंगाम संपला की गावी जातो. 2012 पासूनच्या ‘निक्षय’ नोंदणीमुळे रुग्णाची माहिती त्याच्या मागोमाग जाते. गोळ्या मात्र आपोआप जात नाहीत!

शिवाय, घरीच खोकत बसलेला माणूस बरे झालेल्यांच्या टक्केवारीत मोजलाच जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.