शाळकरी मुली आणि संततिनियमनाचें ज्ञान

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांत घोडनदीच्या कांठीं शिरूर आणि भीमेच्या कांठीं दौंड वसलेलें आहे. भोंवतालच्या वाड्यावस्त्यांतून तेथील माध्यमिक शाळांत एस्‌टीनें व सायकलीनें मुली येतात. दहावीच्या विज्ञानांत मानवी प्रजननाचा धडा त्यांना नेमलेला आहे. परंतु धडा पुस्तकांत असणें निराळें आणि वर्गांत तो मोकळेपणानें समजावून दिला जाणें निराळें.

संततिनियमनाच्या संबंधांत घरांत मुलीच्या कानीं पडणारा शब्द बहुधा एकच, 'ऑपरेशन'. महाराष्ट्रांत सर्वांत अधिक प्रचार स्त्रियांच्या नसबंदीचाच आहे. हा उपाय कुटुंब पुरें झाल्यावरचा. सतराव्या वर्षीं बोहल्यावर उभी केलेल्या मुलीची गरज याच्या अगदीं उलट असते. तिला पहिलें मूल लांबविण्याचें साधन हवें असतें. मुलीच्या लग्नाचें वय १९७८ सालापासून कायद्यानें अठरा आहे. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें बावीस जणींचें लग्न त्या वयाआधींच झालेलें आढळलें. कोंवळ्या वयांतील बाळंतपणांत रक्तक्षय, अडलेली प्रसूति व कमी वजनाचें मूल यांचा धोका अधिक असतो.

निरोध, माला-एन गोळ्या व तांबी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. पण गोळीनें कायमचें वांझपण येतें, हा गैरसमज मोठा आहे. वस्तुतः गोळ्या थांबविल्यावर गर्भधारणेची शक्ति परत येते. निरोधानें गर्भाबरोबर गुप्तरोगांपासूनहि रक्षण होतें, गोळीनें तसें होत नाहीं. नुसतीं नांवें पाठ असून हा भेद माहीत नसेल, तर त्या माहितीचा उपयोग काय?

हें ज्ञान या प्रांताला नवें नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. त्या कार्यापायीं त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें व त्यासाठीं खटलेहि सोसले. १९३८ सालीं मुंबई विधानसभेंत संततिनियमनासंबंधीं आलेला ठराव फेटाळला गेला. या ज्ञानानें नीति ढळेल, हा आक्षेप तेव्हां होता; मुलींच्या बाबतींत तो आजहि घेतला जातो. परंतु युनेस्कोनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका सांगते कीं, अशा शिक्षणानें मुलें लौकर शरीरसंबंधाकडे वळत नाहींत. उलट, कोणी अतिप्रसंग केल्यास जाणती मुलगी तो ओळखूं शकते व सांगूंहि शकते.

उपाय आवांक्याबाहेरचा नाहीं. महिन्यांतून एक तास प्राथमिक आरोग्य केंद्रांतील परिचारिकेनें शाळेंत यावें. मुलींनीं बिननांवाच्या चिठ्ठ्या पेटींत टाकाव्या. उत्तरें साध्या मराठींत मिळावीं. मुलांचाहि असाच तास वेगळा घ्यावा, कारण जबाबदारी दोघांची आहे. शहरांतील सुशिक्षित आईनेंहि आपल्या मुलीचा प्रश्न हंसून टाळूं नये. आईनें टाळलेल्या प्रश्नाचें उत्तर मुलगी दुसरीकडून मिळवते, आणि तें खरें असेलच असें नाहीं.