पाटाचे फाटक कोणाच्या हाती?



शेतकी कॉलेजात मला गव्हाला किती पाळ्या द्यायच्या ते शिकवले. पाटाचे फाटक कोणाच्या हाती असावे, यावर एकही तास झाला नाही. ते तुमच्यात आल्यावर शिकलो.

2005 च्या कायद्याने कालव्याचा कारभार पाणीवापर संस्थांकडे देण्याची सोय झाली. संस्थेने पाणी मोजून घ्यायचे, वाटायचे, चाऱ्या साफ ठेवायच्या, पाणीपट्टी वसूल करायची. धरण सरकारचे, वीज कंपनीची. आपल्या वाट्याला वसुली आणि भांडणे.

कॅलिफोर्नियात टरलॉक भागातल्या लोकांनी अशीच संस्था 1887 साली काढली, पण अधिकारासकट. तिला सिंचन जिल्हा म्हणतात. कलेक्टरचा जिल्हा नव्हे. लाभक्षेत्रातल्या लोकांनी मतदानाने उभा केलेला. पाच संचालक, तेही मतदारांनी निवडलेले. जमिनीवर कर बसवायचा, कर्जरोखे काढायचे, हे अधिकार कायद्यानेच दिले. मोठे गहूवाले म्हणाले, आम्हाला पाणी नको, मग कर कशाला? अशाच दुसऱ्या एका जिल्ह्याचे भांडण सुप्रीम कोर्टात गेले आणि 1896 साली कायदा टिकला.

1923 साली शेजारच्या मोडेस्टो जिल्ह्याबरोबर त्यांनी डॉन पेद्रो धरण बांधले. पायथ्याला वीजघर. टरलॉकच्या संस्थेने ती वीज स्वतःच गावागावांत विकायला घेतली. आज तिथला किराणा दुकानदारही तिचा ग्राहक आहे. आपल्याकडे 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ झाले; पण रात्री दोनला मोटार चालू करायला रानात कोणी जायचे, हे अजून दुसराच ठरवतो.

मला शेतकीवाला म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो तो निचरा. पाट आला तशी तिथेही भूजलपातळी वर आली, जमिनी चिबडू लागल्या. संस्थेने निचऱ्याच्या विहिरी घेतल्या, पंपाने पाणी उपसून कालव्यात सोडले. सांगली-कोल्हापूरकडे उसाखाली पांढऱ्या पडलेल्या जमिनी तुम्ही पाहिल्यात. तिथे चर शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो आणि काम बांधावरच अडते. एकट्याचे हे काम नव्हे. पाणी देणाऱ्यानेच ते काढूनही न्यावे.

टरलॉक काही स्वर्ग नाही. 2014 आणि 2015 च्या दुष्काळात तिथल्या पाण्याचा कोटा निम्म्याहून खाली आला. पण कापला तो त्यांनीच निवडलेल्या माणसांनी, भर सभेत.

आपल्याकडे साहेब हस्तांतराचा करार घेऊन येतील. सहीआधी विचारा: मोजयंत्र चालू आहे का? चाऱ्या दुरुस्त करून देणार का? निचरा कोणाकडे? धरणाच्या विजेत आमचा वाटा किती? पहिल्या दोन गोष्टींना कायद्याचा आधार आहे. उरलेल्या दोन भांडून घ्याव्या लागतील.

माझ्या ओळखीच्या एका संस्थेने मोजपट्टी मोडलेली असताना सही केली. तीन आवर्तने आकारणी अंदाजाने झाली. टेलच्या लोकांना पाणी पोचले नाही, पट्टी मात्र पोचली.