पुढच्या महिन्यात पुन्हा



आपल्याकडे मोफत आरोग्य शिबिरांना निमित्तांची वाण नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, संस्थेचा वर्धापनदिन असतो, एखाद्या महाराजांची पुण्यतिथी असते, नाहीतर कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचा सात दिवसांचा मुक्काम. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, फ्लेक्स लागतो. पाहुणे येऊन दीपप्रज्वलन होईतो साडेअकरा वाजतात, आणि ‘साखर तपासायचीय, काही खाऊन येऊ नका’ असं बजावलेली म्हातारी माणसं सकाळी सातपासून उपाशी बसलेली असतात. दुपारी चारला मांडव सुटायला लागतो. दोन दिवसांनी पेपरात बातमी येते, अमुक इतक्या रुग्णांनी लाभ घेतला.

या मांडवात सगळ्यात जास्त धावपळ कुणाची होत असेल तर ती विद्यार्थ्यांची. वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, समाजकार्य, सगळ्या शाखांची मुलं आपणहून येतात. मी नोकरीभर वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम शिकवलं, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र. मुलांच्या लेखी हा वर्गात झोप काढण्याचा विषय. पण शिबिराला मुलं घेऊन जायचं काम ओघानंच आमच्या विभागाकडे यायचं. त्यामुळे या मुलांच्या हातून गरिबाचं काय भलं होतं आणि काय होत नाही, हे जवळून बघायला मिळालं.

रक्तदाब मोजायच्या टेबलाशी हमखास ऐकू येणारं एक बोलणं सांगतो.

“आजी, याआधी बीपी कधी मोजलं होतं?”

“मागल्या शिबिरात.”

“मग गोळ्या चालू आहेत ना?”

“दिल्या होत्या की पाच दिवसांच्या. खाल्ल्या. बरं वाटलं, मग कशाला खायच्या?”

आजींचं काही चुकलेलं नाही. ताप उतरला की गोळी थांबवायची, हे त्यांनी जन्मभर केलंय. चूक आहे ती पाच दिवसांच्या पट्टीत. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते, आणि बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. कंपनीकडून नमुन्यादाखल आलेली पट्टी शिबिरात वाटून टाकणं म्हणजे विहिरीत एक कळशी पाणी ओतून दुष्काळ हटवल्याची पावती फाडणं. पाच दिवसांनी आजींचा रक्तदाब होता तिथे येतो. वर त्यांच्या मनात पक्कं बसतं की आपला इलाज होऊन गेला. म्हणजे काही न देण्यापेक्षाही वाईट.

शिबिरं वाईटच असतात असं मात्र नाही. आषाढी वारीचं उदाहरण घ्या. दिंड्यांबरोबर आणि वाटेवरच्या मुक्कामांवर कितीतरी मुलं सेवा देतात. तिथला आजार कसला? चालून तळपायाला आलेले फोड, पोटऱ्यांत गोळे, जुलाब, उन्हानं आणि पाण्याच्या कमतरतेनं आलेली भोवळ. मलमपट्टी केली, जलसंजीवनी पाजली, अर्धा तास सावलीत निजवलं की माउली उठून चालू लागतात. दुखणं एका दिवसाचं, इलाजही एका दिवसाचा. हिशेब जुळतो. वस्तीवर, पाड्यावर मात्र जी दुखणी माणूस वर्षानुवर्षं अंगावर काढतो, त्यांचा हिशेब एका दुपारीत जुळत नाही.

मग विद्यार्थ्यानं तिथे करायचं काय? आधी काय करू नये ते सांगतो. पांढरा कोट घातलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला रांगेतली माणसं ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी ते ऐकायला गोड लागतं, आणि तिथेच घसरायला होतं. ज्याची नोंदणी झालेली नाही त्याला औषध लिहून द्यायचा अधिकार नाही. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवू. फी भरून येणारा शहरातला पेशंट शिकाऊ मुलाकडून निदान करून घेईल का? नाही ना? मग फुकट मिळतंय एवढ्यावर वस्तीतल्या माणसानं ते चालवून घ्यावं, असं समजण्यात मला उर्मटपणा दिसतो. ‘मावशी, मी अजून शिकतोय, मोठे डॉक्टर तिकडे बसलेत’ हे वाक्य मी मुलांना पाठ करायला लावायचो.

करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, आणि ते नोंदणीकृत डॉक्टरला बहुधा जमत नाही, कारण त्याला रांग ओढत असते. साधं रक्तदाब मोजणं घ्या. माणूस येऊन पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. आकडा जास्त आला तर थोड्या वेळानं पुन्हा मोजायचा. धावतपळत, पोलक्याच्या बाहीवरून मोजलेला आकडा काय कामाचा? पाच मिनिटं थांबणं विद्यार्थ्याला परवडतं.

तीच गोष्ट मुलांच्या दंडघेराची. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. हे शिकायला वैद्यकीय पदवी लागत नाही, अंगणवाडी सेविका ते रोज करते. पण लाल पट्टीनंतर त्या पोराला पोषण पुनर्वसन केंद्रात कोण नेणार, तिथे राहायला आईचा रोज कसा बुडवायचा, घरातली बाकीची पोरं कुणाकडे ठेवायची, हे प्रश्न पट्टी सोडवत नाही. त्यासाठी कुणालातरी पुन्हा त्या घरी जावं लागतं.

माझं सगळं म्हणणं या ‘पुन्हा जाण्या’पाशीच अडलेलं आहे.

सेवाग्रामला हे फार आधी ओळखलं गेलं. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या तुकडीनं पहिला पंधरवडा आश्रमात राहायचं, झाडलोट करायची, सूत कातायचं, ही तिथली रीत पुष्कळांना ठाऊक असते. तिची थट्टाही होते. मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची गोष्ट. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं येतात आणि त्याच कुटुंबांकडे तो शिक्षण चालू असताना जात राहतो. सून गरोदर होती, बाळंत झाली, बाळाला लस टोचली, आजोबांचा खोकला गेला नाही, हे सगळं त्याला माहीत असतं. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2021-22 च्या तुकडीपासून असाच कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना लागू केला आहे. कागदावर तो झकास आहे. बस भरून मुलं न्यायची, फोटो काढायचा, वह्या एकमेकांच्या बघून भरायच्या, असंही तो उरकता येतो. उरकणारे उरकतातच.

पुन्हा जाण्याला आणखी एक कारण आहे. पहिल्या भेटीत माणसं खरं दुखणं सांगतच नाहीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष छापले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी संबंधित काही ना काही आजार होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. म्हणजे दुखणं घराघरात होतं आणि दवाखान्याच्या वहीत त्याची नोंद नव्हती. मांडवातल्या रांगेत, पुढे सासरा आणि मागे शेजारीण उभी असताना, कोणती बाई ‘अंगावरून पांढरं जातं’ असं सांगेल? ती ‘कंबर दुखते’ म्हणते आणि गोळी घेऊन जाते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला, ओट्यावर शेंगा निवडता निवडता, ती एखाद्या विद्यार्थिनीला खरं काय ते सांगते. म्हणून चमूत मुली हव्यातच. आणि गावची आशाताई सोबत हवी. मेळघाटात कोरकू बोलली जाते, भामरागडकडे माडिया. पुण्या-मुंबईच्या मुलाचं मराठी तिथे एका मर्यादेपलीकडे चालत नाही.

पुण्याची ‘मैत्री’ संस्था मेळघाटात पावसाळ्यात धडक मोहीम काढते, तिच्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या एकीमागून एक जातात. सगळे काही डॉक्टर नसतात. एक तुकडी परतते, दुसरी येते आणि पहिलीनं सोडलेलं काम उचलते. एकट्या विद्यार्थ्याला वर्षभर जाणं जमत नसेल तर हा मार्ग आहे. माणूस बदलला तरी चालतो, खंड पडता कामा नये.

आता कुणी म्हणेल, रुग्णच जागेवर नसेल तर? ऊसतोड कामगारांचं तसंच आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून टोळ्या निघतात, कोयता उचलून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जातात, मार्च-एप्रिलला परततात. कारखान्यावरच्या खोपीत तपासलेली गरोदर बाई महिन्यानं दुसऱ्याच फडावर असते. अशा ठिकाणी पुन्हा कुठे जायचं? तिथे कागद तिच्याबरोबर जावा लागतो. किती महिने झाले, रक्त किती आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं, हे सुवाच्य अक्षरात लिहिलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात द्यायचं. डॉक्टरांचं अक्षर जगजाहीर आहे. विद्यार्थ्यांचं अजून बिघडलेलं नसतं, तोवर त्याचा उपयोग करून घ्यावा.

एका कामाचं मोल मात्र मुलांना लवकर पटत नाही. ते काम सोबत करण्याचं. शिबिरात ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ अशी चिठ्ठी मिळते. पुढे काय? केसपेपर कुठे काढायचा, ओपीडी कोणत्या वारी, सोनोग्राफीची खोली कुठे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होईल का, त्याला शिधापत्रिका लागते की आधार, हे विचारायला ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस योजनेतल्या रुग्णालयात बसलेला असतो. पण तो तिथे असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. चिठ्ठी घडी घालून देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात राहते. एखादा मुलगा एक दिवस मोडून त्या माणसाबरोबर गेला, चार खिडक्यांपुढे उभा राहिला, तर त्या चिठ्ठीचा उपचार होतो. हे कुठल्या प्रमाणपत्रावर लिहिलं जात नाही.

मुलं आणि पालक मला नेहमी विचारतात, अभ्यासाचं काय? परीक्षा आल्या की पोरं महिना-दोन महिने फिरकत नाहीत, आणि ते रास्तच आहे. फक्त जाण्याआधी त्यांनी कुटुंबांची वही आशाताईंच्या हवाली करावी. कुणाच्या गोळ्या कधी संपतात, कुणाचे दिवस कधी भरतात, कुणाच्या थुंकीचा रिपोर्ट यायचा आहे, तेवढ्या ओळींवर लाल पेनानं खूण करावी. आणि कुठल्या तारखेला परत येणार ते घराघरात सांगून जावं. आजी ती तारीख विसरत नाहीत.