आभासी नाणे आणि खरी हुंडणावळ



या व्यासपीठावर विद्वान बोलून गेले आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली आणि आमचे पाठ्यपुस्तक म्हणजे कामगाराचे पगारपत्रक. तेव्हा आभासी नाण्याचे तत्त्वज्ञान आम्ही सांगणार नाही. ते विकत घेताना वाटेत जे पैसे गळतात, त्यांचा हिशेब तेवढा मांडू. पगारातली कपात हुडकून काढण्यात आमचे आयुष्य गेले आणि हा विषयही कपातीचाच आहे.

२००८ च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला आणि २००९ च्या जानेवारीत बिटकॉइन सुरू झाले. निबंधाचे सांगणे असे की, मध्ये बँक नको. देणाऱ्याने घेणाऱ्यास थेट द्यावे. कल्पना मोठी खरी. परंतु आपल्या खिशात रुपये असतात. रुपयांचे बिटकॉइन करावयाचे तर बहुतेकांना बँक, कार्ड आणि बाजार चालविणारी कंपनी यांच्या दारावरूनच जावे लागते. ज्या घरात दलाल नाही म्हणतात, त्याच्या उंबरठ्यावरच तिघे बसलेले! आपले आजे हुंडीवर हुंडणावळ देत, नाणे मोडताना बट्टा देत. नावे गेली, बट्टा राहिला.

आता हा बट्टा वाटेप्रमाणे बदलतो. अमेरिकेतील कॉइनबेस या मोठ्या बाजाराचे जाहीर दर काही वर्षांपूर्वी असे होते: बँक खात्यातून पैसे दिल्यास शेकडा १.४९, डेबिट कार्डाने दिल्यास शेकडा ३.९९. इतका फरक का? कार्डाच्या व्यवहारात कार्ड देणारी बँक, कार्डाचे जाळे चालविणारी कंपनी आणि दुकानदाराची बँक असे वाटेकरी असतात. शिवाय कार्डाचा व्यवहार तक्रार करून पुढे कित्येक दिवसांनी उलटविता येतो. दिलेले नाणे मात्र परत येत नाही. चोरलेल्या कार्डावर कोणी नाणे नेले, तर विकणारा बुडतो. त्या धोक्याची किंमत तो सगळ्या गिऱ्हाइकांकडून वसूल करतो. बँकेची वाट पुष्कळदा सावकाश, पण स्वस्त असते. घाई हीच येथे सर्वांत महाग वस्तू आहे.

क्रेडिट कार्डाची गोष्ट याहून वाईट. २०१८ च्या आरंभी अमेरिकेत अशी खरेदी रोख उचल म्हणून धरली जाऊ लागली. रोख उचल म्हणजे वेगळे शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज. आमच्या कचेरीत एक तरुण कंत्राटी कामगार असाच कागद घेऊन आला होता. परदेशी बाजारात त्याने कार्डाने खरेदी केलेली. बाजाराचे शुल्क, परकीय चलनाचा आकार, त्या आकारावर जीएसटी आणि शेवटी व्याज, अशा चार ओळी. तो म्हणाला, "साहेब, मी एकदाच घेतलं, मग चारदा का कापलं?" प्रश्न साधा आहे, पण तो विचारावयास लोक लाजतात.

शेकड्याच्या भाषेत माणूस फसतो, म्हणून रुपयांत बोलू. कोणा एका बाजाराचे नव्हे, समजुतीपुरते आकडे घेऊ. दहा हजार रुपये कार्डाने भरले, शुल्क शेकडा ४, उरले ९,६००. बाजार आपला नफा खरेदी-विक्रीच्या भावातही ठेवतो. तो घेताना शेकडा १ आणि विकताना शेकडा १ धरू. भाव जागचा हलला नाही तरी हाती येतील सुमारे ९,४०९. बँकेच्या वाटेने, शुल्क शेकडा अर्धा धरल्यास, सुमारे ९,७५२. पहिल्यात ५९१ रुपये गेले, दुसऱ्यात २४८. हा भावातला फरक दरपत्रकात बहुधा नसतोच. "शुल्क शून्य" अशी पाटी जेथे दिसेल, तेथे तो प्रथम शोधावा.

आपल्या देशात आणखी दोन गोष्टी आहेत. २०२२ च्या एप्रिलपासून या व्यवहारातील नफ्यावर शेकडा ३० कर आहे आणि नफा काढताना खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यात वळता करता येत नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून ठरावीक मर्यादेपुढे विक्रीच्या रकमेतून शेकडा १ आधीच कापला जातो. ही कपात पुढे करात धरली जाते, परंतु पैसा तोवर अडकतो.

दुसरी गोष्ट वाटा बंद होण्याची. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या एप्रिलात बँकांना या धंद्यापासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द केला. २०२२ च्या एप्रिलात यूपीआयची वाटही पुष्कळ ठिकाणी बंद पडली. सरळ वाट बंद झाली की माणूस आडवाटेने जातो: अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे भरून चढ्या भावाने नाणे घेतो. त्या साखळीत कोठे फसवणुकीचा पैसा असला, तर चौकशीत निर्दोष माणसाचेही खाते गोठते. पगार त्याच खात्यात येत असेल, तर घरची चूल अडते. हे शुल्क कोणत्याच दरपत्रकात लिहिलेले नसते.

कोणी म्हणेल, बाजारभाव आहे, उपाय काय? मित्रहो, दर आकाशातून पडत नाही. युरोपीय संघाने २०१५ साली कायदा करून कार्डांवरील बँकांची आपसांतली आकारणी डेबिटला शेकडा ०.२ आणि क्रेडिटला ०.३ वर बांधली. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यावयाचे शुल्क शून्य झाले. आणि पगाराचे पाहा. एके काळी मालक मनास येईल तो दंड कापी. १९३६ च्या वेतन कायद्याने त्याला लगाम घातला. आज २०१९ च्या वेतन संहितेत दंडाची कमाल मर्यादा वेतनाच्या शेकडा ३ आहे आणि तोही कामगाराचे म्हणणे ऐकल्यावाचून करता येत नाही. मालकाने शेकडा ४ दंड केला तर आपण फाटकावर सभा घेऊ. तेच शेकडा ४ आपण अंगठा दाबून हसत देतो!

म्हणून आमची मागणी तीनच ओळींची आहे. पैसे भरण्याआधी एकूण कपात रुपयांत दिसावी. खरेदी-विक्रीच्या भावातला फरक तीत धरलेला असावा. आणि आज विकल्यास हाती काय येईल, तो आकडा शेजारी लिहावा. नाणे घ्यावे की न घ्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण उसन्या पैशाने घेऊ नये, आणि हे तीन आकडे मिळाल्यावाचून अंगठा दाबू नये. पगारपत्रक वाचल्याशिवाय सही करू नका, हे आम्ही तीस वर्षे सांगत आलो. हे नवे पत्रकही त्याच डोळ्यांनी वाचा.