सॉसमध्ये सोडा

अमेरिकेत सोडा म्हणजे आपलं गोड कोल्ड्रिंक. टेक्सासातल्या वेको गावी १८८५ साली डॉक्टर पेपर निघालं, पुढच्याच वर्षी अटलांटात कोका-कोला. तिकडच्या दक्षिण भागात निखाऱ्यावर मांस भाजतात आणि त्याला लावायच्या बार्बेक्यू सॉसमध्ये पुष्कळजण हीच पेयं ओततात.

माझी भाची टेक्सासात असते. कोंबडी हलाल दुकानातून आणता येते, पण सॉसचं काय? विकतच्या काही सॉसमध्ये बर्बन व्हिस्की असते. शेजाऱ्यांना दावत द्यायची, तर सॉस हवाच. "मामू, मी घरीच करते, कोला घालून," ती फोनवर म्हणाली.

३५५ मिलिलिटरचा एक कॅन रुंद पातेल्यात उकळून निम्मा करायचा. वायू उडून जातो, सुमारे ३९ ग्रॅम साखर मागे राहते. आपण पाक करतो तसंच की हे! म्हणून डाएट कोला चालत नाही. साखरच नाही तर पाक कुठला? मग परतलेला कांदा-लसूण, वाटीभर केचप, पाव वाटी व्हिनेगर, थोडी वाटलेली मोहरी, तिखट. कोल्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, तरी व्हिनेगर गाळू नये. मंद आचेवर वीसेक मिनिटं, पळीला लेप बसेपर्यंत.

सॉस कोंबडीला लावायचा तो भाजणं संपायला दहा मिनिटं उरली की. आधी लावला तर साखर करपून कडू होते.

बर्बनची चव मला ठाऊक नाही, तेव्हा तुलना करत नाही. शेजारी मात्र आता बरणी घेऊन येतात म्हणे.