आधी नाव, मग ओवी

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर तवा सांभाळा, आणि शेजारणीला हाक मारून रेडिओ जरा मोठा करा. आज आपण विद्यापीठात जाणार आहोत. घाबरू नका, परीक्षा नाही.

गोष्ट फेब्रुवारीतली. महिन्याची बैठक संपत आली होती. हप्ते जमा झाले होते, ठराव वही मिटायचीच बाकी होती. तेवढ्यात आमच्या गावातली एक मुलगी आली. ती जळगावला एम. ए. करते. तिच्या हातात एक कागद होता. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस असतो, तो मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतात. त्या निमित्तानं विद्यापीठात सकाळी व्याख्यान आणि दुपारी कार्यशाळा होती. विषय होता बायकांची गाणी आणि गोष्टी. खाली लिहिलं होतं, 'सर्वांसाठी खुले'.

या दोन शब्दांवर आमची बैठक अर्धा तास लांबली. सर्वांसाठी म्हणजे आपल्यासाठीही का? एक जण म्हणाली, तसं तर बँकेच्या दारावरही 'आपले स्वागत आहे' लिहिलेलं असतं. दुसरी म्हणाली, हरभरा सोंगायला आलाय, दिवस बुडाला तर मजुरी काय ते व्याख्यान देणार? तिसरीचं म्हणणं होतं की आपण जाऊन बसलो तर लोक म्हणतील, गर्दी जमवायला बाया आणल्या. हे तिसरं बोलणं उगाच नव्हतं. गटाच्या बायकांना कुठल्या कुठल्या मांडवात नुसतं बसायला बोलावतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. टाळ्या वाजवायच्या, नाश्त्याचा पुडा घ्यायचा, परत यायचं.

मग आम्ही विचारलं, त्या विद्यापीठाचं नाव काय, सांगा बरं? एकीनं सांगितलं, बहिणाबाईंचं. बरोबर. जळगावचं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं तेव्हा त्याला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणत. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं. बहिणाबाई आपल्या असोद्याच्या. जन्म १८८० चा. तेरा वर्षांच्या असताना लग्न होऊन जळगावला आल्या, तिशीत विधवा झाल्या, शेतात राबल्या, जात्यावर बसल्या आणि काम करता करता गाणी रचत राहिल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती गाणी लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं. म्हणजे स्वतःच्या गाण्यांचं पुस्तक काही त्यांना हातात घेता आलं नाही.

हे सांगून झाल्यावर आमच्या आक्का म्हणाल्या, म्हणजे जिला सही येत नव्हती तिच्या नावानं आता सगळ्यांच्या डिग्र्या निघतात? आम्ही म्हटलं, हो. आक्का म्हणाल्या, मग मी येते.

आक्का गटातल्या सगळ्यात मोठ्या. हप्ता कधी चुकवत नाहीत आणि दुसरीनं चुकवला तर सोडत नाहीत. त्या निघाल्या म्हटल्यावर बाकीच्याही निघाल्या. बारा जणी झालो. छोटा टेम्पो जाऊन येऊन १८०० रुपये मागत होता. गटाचा पैसा कर्जासाठी असतो, सहलीसाठी नाही, असं आमच्या खजिनदार ताईंनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. शेवटी ठराव झाला की निम्मे गटाच्या खर्चातून आणि निम्मे आपापल्या पदरचे, म्हणजे प्रत्येकीचे ७५ रुपये. ठरावावर सगळ्यांच्या सह्या, अंगठे झाले. हे सविस्तर सांगतोय, कारण असल्या जाण्यात पुढे पैशावरून तोंडं फिरतात. आधी वहीत लिहिलेलं बरं.

त्या दिवशी निघायलाच उशीर झाला. दूध घालायचं, डबे भरायचे, एकीचं लेकरू ऐनवेळी रडायला लागलं. त्यालाही घेतलं. गिरणेकाठचा तो टेकड्यांचा परिसर, आत गेल्यावर रुंद रस्ते, झाडं, जिकडेतिकडे मोठाल्या इमारती. सभागृह शोधता शोधता व्याख्यान सुरू होऊन गेलं होतं. पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. आम्ही बाराही जणी सगळ्यात मागे जाऊन बसलो. कुणी बसवलं नव्हतं, आमचे पायच तिकडे वळले. नंतर एकमेकींना विचारलं, असं का केलं, तर कुणाला सांगता येईना.

व्याख्यान जात्यावरच्या ओव्यांवर होतं. वक्त्या 'मौखिक परंपरा' असा शब्द पुन्हा पुन्हा वापरत होत्या. मौखिक परंपरा म्हणजे तोंडातोंडी चालत आलेलं. तसंच म्हटलं असतं तरी चाललं असतं म्हणा. पण त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला फार नवीन होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायकांच्या ओव्या गोळा करवून घेतल्या. किती, तर १ लाखाहून जास्त. आता त्या ओव्या 'पारी' नावाच्या संस्थेनं इंटरनेटवर ठेवायला घेतल्या आहेत. मोबाईलवर बघता येतं, काही ओव्या तर त्या बायांच्या आवाजात ऐकताही येतात. आणि ओवीबरोबर तिचं नाव असतं, गाव असतं.

नाव असतं, हे ऐकल्यावर आमच्यात कुजबुज झाली. दोन वर्षांमागे एका कार्यक्रमात, कुठला ते राहू द्या, कुणीतरी आमच्या एका ताईचं गाणं मोबाईलवर घेतलं होतं. पुढे ते एका पत्रिकेवर छापून आलं आणि खाली लिहिलं होतं 'लोकगीत'. तिनं ते स्वतः रचलं होतं, नणंदेच्या डोहाळेजेवणाला. ती तेव्हा काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही, उलट गावाचं गाणं छापलं म्हणून खूश झालो.

दुपारी जेवणं झाल्यावर कार्यशाळा. खुर्च्या बाजूला सारून खाली सतरंजीवर गोल बसवलं, तेव्हा कुठं आमची माणसं सैल झाली. कॉलेजच्या मुली, मुलं आणि आम्ही, असे मिसळून गट केले. सांगितलं की कुणी लगेच लिहायचं नाही. घरातली एक वस्तू आठवा, ती तुमच्याकडे कुणाच्या हातून आली ते सांगा. आमच्याकडे काय वस्तूंचा तोटा? पाटा निघाला, आईनं दिलेला पितळी डबा निघाला, गोधडी निघाली. शहरातली एक मुलगी म्हणाली, माझ्या घरात आजीची एकही वस्तू नाही, मी काय सांगू? आमच्यातली एक चटकन म्हणाली, नाही ते सांग की, का नाही ते. ती मुलगी मग बराच वेळ बोलली. लिहायला आलेल्यांना आमच्या बाईनं वाट दाखवली, याचं आम्हाला कौतुक वाटलं.

आक्कांनी जातं सांगितलं. जातं आईचं, माहेरच्या घरी होतं, आता कुठं आहे कुणास ठाऊक. आणि त्या जात्यावरची आईची म्हणून एक ओवी म्हटली. आवाज थकलेला, पण ताल पक्का. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजारच्यानं लिहून घ्यायचं होतं. आक्कांचं आम्ही घेतलं. समन्वयक आम्ही, बी. ए. झालेलो, गटाचे सगळे अर्ज आम्हीच भरतो, तेव्हा हे तर काय, सहज.

लिहून झालं, मोठ्यानं वाचून दाखवलं. आक्का गप्प. मग म्हणाल्या, "हे काही माह्यं नाही. हे तुह्या शाळेचं हाये."

आम्ही पुन्हा वाचलं. काय चुकलं ते कळेना. मग त्यांनी ओवी परत म्हटली, आणि तेव्हा कानाला लागलं. त्या 'सकाय' म्हणत होत्या, आम्ही 'सकाळ' लिहिलं होतं. आपल्या लेवा बोलीत ळ चा य होतो, डोळ्याला डोया, काळीला कायी. आक्कांच्या ओवीत 'सकाय' खालच्या ओळीतल्या 'माय'शी जुळत होतं. आम्ही सकाळ केली आणि माय एकटी पडली. 'पानी'चं 'पाणी' केलं होतं, 'मले'चं 'मला' केलं होतं, चांगलं करतोय असं समजून.

खरं सांगतो मैत्रिणींनो, लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही बायकांच्या वतीनं अर्ज लिहितो, त्यातही असंच करत आलो असणार. बहिणाबाईंचं पुस्तक उघडून बघा, त्यात त्यांची बोली तशीच आहे. लिहून घेणाऱ्यांनी तिला शाळेत घातलं नाही. घातलं असतं तर त्या गाण्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

आम्ही कागद फाडला, नवीन घेतला. आक्का एकेक शब्द सांगत गेल्या, आम्ही तसाच्या तसा लिहिला. शेवटी सगळ्यांचे कागद भिंतीवर लावायचे होते. सवयीनं आम्ही खाली गटाचं नाव आणि गावाचं नाव टाकलं. कार्यशाळा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, गट दिसला, पण ही ओवी कुणाची? आम्ही पेन आक्कांकडे वळवलं. सही करायला त्या गटातच शिकल्या आहेत. त्यांनी सावकाश आपलं नाव काढलं. मग म्हणाल्या, वरती मायचंही लिही, ओवी तिची हाये. आईचं नाव, माहेरचं गाव, मग आक्कांचं नाव, आणि गट सगळ्यात खाली.

आता कामाचं थोडं बोलू. असे कार्यक्रम विद्यापीठात वर्षभर होत असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी, ८ मार्च, आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, या दिवसांकडे लक्ष ठेवा. गावातलं कुणी पोर तिथं शिकत असेल तर त्याला सांगून ठेवा, पाटीवरचे कागद वाचून कळव म्हणावं. नाहीतर आजीवन अध्ययन व विस्तार विभाग किंवा मराठी विभागात फोन करून सरळ विचारा: बाहेरच्यांना येता येतं का, लेकरू चालेल का, जेवणाचं काय, किती वाजता सुटेल. शेवटच्या एसटीचा हिशेब त्यांना नसतो, आपल्याला असतो.

आणि कुणी आवाज घेत असेल, फोटो काढत असेल, तर हे कुठं जाणार ते विचारा. नाव लिहून घ्यायला सांगा, छापलं तर एक प्रत गटाला पाठवा म्हणा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. आम्ही विचारून पाहिलं.

दुसरं, राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं सात दिवसांच्या शिबिराला गावात येतात, तेव्हा संध्याकाळी आपल्याला बोलावून बचतीचं महत्त्व सांगतात. आपल्याला! या वेळी आम्ही त्यांना आधीच निरोप दिला आहे की एक संध्याकाळ आमची. आम्ही सांगू, तुम्ही लिहा, पण जसं सांगू तसं.

तुम्ही म्हणाल, एवढं नावाचं बोललात आणि आक्कांचं नाव सांगितलं नाही. आम्ही त्यांना विचारलं होतं, रेडिओवर सांगू का. त्या म्हणाल्या, "तू कशाले? मीच येईन अन् सांगीन." तर पुढच्या महिन्यात याच वेळी आक्का इथं बसतील. ओवीही तेव्हाच ऐका. नमस्कार.